शापांची कमाई

उत्तरभाग रचणाऱ्यापुढे एक जुनी अडचण असते. पहिल्या भागाच्या शेवटी नायक जिंकलेला असतो. आता त्याचं करायचं काय? कादंबरीकार त्याला म्हातारा करतो किंवा त्याच्या मुलाची गोष्ट सुरू करतो. सिनेमावाला आधीच्यापेक्षा मोठा खलनायक शोधून आणतो. व्हिडिओ गेममध्ये ही अडचण आणखी गुंतागुंतीची होते, कारण तिथे नायकाने जे कमावलं ते खेळणाऱ्याने स्वतःच्या बोटांनी कमावलेलं असतं. तलवार, चिलखत, वाढवलेला जीव हे सगळं सोबत घेऊन दुसऱ्या भागात उतरलं तर खेळायला काही उरत नाही, आणि काढून घेतलं तर अन्याय झाल्यासारखं वाटतं. म्हणून बहुतेक उत्तरभाग हा प्रश्नच टाळतात. नायक पुन्हा रिकाम्या हातांनी उभा असतो, आधीच्या कमाईचं काय झालं हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही.

१९८९ साली सेगाच्या मास्टर सिस्टिम या आठ-बिट कन्सोलसाठी आलेल्या ‘वंडर बॉय ३ : द ड्रॅगन्स ट्रॅप’ या गेमने हा प्रश्न टाळला नाही, उलट त्याचीच गोष्ट केली. कमाई हिरावली जाणं ही त्याच्या कथेतली पहिली घटना आहे आणि पुढचे सगळे तास त्या घटनेचेच परिणाम आहेत. रिकामे झालेले हात या गेममध्ये कुठल्या तऱ्हेने भरतात, त्यात या कलाकृतीचं मर्म आहे असं मला वाटतं.

आधी थोडी वंशावळ. पहिला ‘वंडर बॉय’ १९८६ साली आर्केड यंत्रांवर आला. तो रचणारी रिउइची निशिझावा आणि त्यांच्या साथीदारांची छोटी जपानी कंपनी तेव्हा ‘एस्केप’ नावाने काम करत होती, पुढे ती ‘वेस्टोन’ झाली. गेमचं नाव सेगाकडे राहिलं, पण गेम स्वतः वेस्टोनकडे होता. त्यामुळे हडसन कंपनीने तोच गेम घेतला, नायक बदलला आणि निन्टेन्डोच्या फॅमिकॉमवर ‘अॅडव्हेंचर आयलंड’ म्हणून आणला. नव्वदच्या दशकात फॅमिकॉमच्या नकला आपल्याकडे घरोघर टीव्हीला जोडल्या जात होत्या. त्यांच्या ‘कॅसेट’मध्ये ज्यांनी बालपण घालवलं, त्यांना तो टोपीवाला गडी आठवत असेल: गवताचा घागरा नेसलेला, दगडी कुऱ्हाडी फेकणारा, फळं खाल्ली नाहीत तर चालता चालता कोसळणारा. ‘वंडर बॉय’ हे नाव न ऐकताही त्या मुलांनी वंडर बॉयच खेळलेला होता.

१९८७च्या ‘वंडर बॉय इन मॉन्स्टर लँड’ने घराण्याचं वळण बदललं. नुसत्या धावण्या-उडण्यात नाणी आली, दुकानं आली, ढाल-तलवार-चिलखत आलं. गोष्ट एका किल्ल्यातल्या चक्रव्यूहात, यांत्रिक ड्रॅगनला मारून संपली. आर्केडच्या शिस्तीप्रमाणे तिथे वेळेचा फास मात्र कायम होता. वाळूचं घड्याळ रिकामं होत राही आणि रेंगाळणाऱ्याचा जीव कमी होई. पुढच्याच वर्षी हा गेम मास्टर सिस्टिमवर उतरला. ‘द ड्रॅगन्स ट्रॅप’ हा त्याचा उत्तरभाग. नावातल्या ‘३’ या आकड्याने कुणी गोंधळू नये. १९८८चा ‘वंडर बॉय ३ : मॉन्स्टर लेअर’ नावाचा आर्केड गेम वेगळाच आहे, आणि जपानमध्ये ‘द ड्रॅगन्स ट्रॅप’ला ‘मॉन्स्टर वर्ल्ड’ मालिकेतला दुसरा भाग मानतात. या घराण्यात नावांचा हिशोब कधीच नीट लागला नाही.

गेम सुरू होतो तो त्या यांत्रिक ड्रॅगनच्या किल्ल्यातच. आधीच्या गेमचा शेवट इथे पहिल्या काही मिनिटांत पुन्हा खेळायला मिळतो. नायक पूर्ण सजलेला आहे: उत्तम तलवार, उत्तम चिलखत आणि पडद्यावर जीवाच्या हृदयांची लांब ओळ. वाटेतले शत्रू त्याच्या तलवारीपुढे टिकत नाहीत. नव्या खेळाडूला यात फक्त सोपेपणा दिसतो. ज्याने आधीचा गेम घाम गाळून संपवला आहे त्याला तो आपला हक्क वाटतो. दोघेही ड्रॅगनपर्यंत पोचतात, त्याला पाडतात, आणि मरत्या ड्रॅगनमधून निघालेली शापाची ज्वाला नायकाला गाठते. माणसाचा सरडा होतो. हृदयांची ओळ संपून एकच हृदय उरतं, किल्ला कोसळू लागतो, आणि मघाशी ऐटीत चालत आलेल्या वाटेने जीव घेऊन पळावं लागतं.

या प्रस्तावनेचं शिल्प बारकाईने पाहण्यासारखं आहे. एकही संवाद नाही, कुणी काही समजावून सांगत नाही. समर्थ असणं म्हणजे काय हे आधी खेळणाऱ्याच्या बोटांना कळतं आणि मग त्याच बोटांना ते गेल्याचं कळतं. हरवलेली वस्तू आधी हातात देऊन मग काढून घेतली की तिची उणीव शब्दांशिवाय पोचते. आठ वर्षांनी, १९९७ साली, ‘कॅसलवेनिया : सिम्फनी ऑफ द नाइट’ या गाजलेल्या गेमनेही आधीच्या भागाचा शेवटचा लढा सुरुवातीला ठेवला आणि थोड्याच वेळात नव्या नायकाची शस्त्रं हिरावून घेतली. आज या युक्तीचं श्रेय बहुतेक त्या गेमला जातं. इथे ती आधी आहे आणि मला ती इथे अधिक कठोर वाटते. तिथे सामान जातं, नायकाचं अंग तेच राहतं. इथे अंगच बदलतं.

आपल्या पुराणांत शापाला उःशाप असतो. शिळा झालेल्याला स्पर्शाची वाट पाहायची असते, मुदत भरली की मूळ रूप परत मिळतं. तोवरचं रूप म्हणजे निव्वळ शिक्षा. या गेममधला शापही वरवर तसाच दिसतो. सॅलमँडर क्रॉस नावाची वस्तू मिळाली की माणूसपण परत मिळणार आणि ती शेवटच्या ड्रॅगनकडे आहे. पण मधल्या वाटेवर निशिझावांनी जे केलं त्याने शापाचा अर्थच फिरला. वाटेत भेटणारा प्रत्येक ड्रॅगन मरताना नवा शाप देतो. ममी झालेल्या ड्रॅगनला मारलं की सरड्याचा उंदीर होतो. झोंबी ड्रॅगननंतर उंदराचा पिरान्हा मासा, चाच्यांच्या कप्तान ड्रॅगननंतर सिंह, जपानी सरंजामदाराच्या वेषातल्या ड्रॅगननंतर ससाणा. म्हणजे या गेममध्ये विजयाचं बक्षीस शाप आहे. खेळणारा ज्या क्षणी जिंकतो त्याच क्षणी त्याचं आधीचं रूप मरतं, आणि त्या रूपासोबत त्याला जमू लागलेलं कसबही.

हे इतर गेमपेक्षा किती वेगळं आहे ते ‘मेट्रॉइड’शी ताडून पाहिलं की कळतं. १९८६च्या त्या गेमने ‘नवी शक्ती मिळव आणि आधी बंद असलेल्या वाटेने जा’ हा साचा घट्ट केला. तिथे बेरीज असते. नवी शक्ती जुन्या शक्तींच्या शेजारी येऊन बसते आणि नायिका सतत मोठी होत जाते. ‘द ड्रॅगन्स ट्रॅप’मध्ये बदली असते. उंदीर झालात की सरड्याची आग गेली, ससाणा झालात की माशाचं पोहणं गेलं. मिळणं आणि गमावणं एकाच क्षणात घडतं, त्यामुळे खेळणाऱ्याचा आनंद कधी निर्भेळ नसतो आणि दुःखही कधी पुरतं दुःख नसतं.

आता ही रूपं एकेक करून पाहू, कारण गेमची खरी भाषा तिथे आहे. सरडा आग फेकतो. त्याला ढाल धरता येत नाही, अंगाने तो थोराड आहे, नेम धरायला सोपा. म्हणून त्याचं शहाणपण अंतरात आहे: शत्रूला लांब ठेवायचं, आग जिथवर पोचते तिथवरच भांडण न्यायचं. दोन-चार तासांत बोटांना या अंतराची सवय होते, नजर शत्रूच्या पुढची मोकळी जागा मोजू लागते. तेवढ्यात पिरॅमिडातला ममी-ड्रॅगन पडतो आणि नायक उंदीर होतो.

उंदीर चिमुकला आहे. त्याची तलवार इतकी आखूड की शत्रूच्या अंगाला भिडल्याशिवाय वार लागत नाही. सरड्याने शिकवलेलं अंतर आता कुचकामी ठरतं, जवळीक शिकावी लागते. पण छोट्या अंगाला ढाल पुरून उरते, आणि जिथे थोराड सरडा अडत होता त्या बुटक्या फटींतून उंदीर सहज सरकतो. शिवाय चौकटी-चौकटींच्या नक्षीचे ठोकळे दिसले की तो त्यांना चिकटतो, भिंतीवर चढतो, छताला उलटा लटकून चालतो. या क्षणी गेममध्ये काहीतरी मोठं घडतं. असे चौकटीचे ठोकळे खेळणाऱ्याने आधीही पाहिलेले असतात. सरडा असताना ती भिंतीवरची सजावट होती. आता ती वाट आहे. चित्रातलं एक टिंबही बदललेलं नाही, पाहणाऱ्याचं शरीर तेवढं बदललं.

पिरान्हाचं सगळं वैभव पाण्याखाली आहे. इतर रूपं पाण्यात दगडासारखी बुडतात, तळाशी पाय घासत चालतात. पिरान्हा हवा तिथे वळतो, वर-खाली फिरतो, त्याला तळाची गरज नाही. समुद्राची रुंदी आधीच्या रूपांनाही दिसत होती, पण त्याची उंची पहिल्यांदा या रूपात कळते. सिंहाची तलवार डोक्यावरून पायापर्यंत रुंद कमान घेते. त्यामुळे वरचे-खालचे ठोकळे फुटतात, आणि जे छत किंवा जमीन आतापर्यंत शेवट वाटत होती ती दार निघते. आणि ससाणा उडतो. ज्या खड्ड्यांवरून उडी मारताना इतके तास श्वास रोखला होता, त्यांच्यावरून तो निवांत तरंगत जातो. पण पाणी त्याला सोसत नाही. ज्या समुद्रात मासा राजा होता तिथे ससाण्याला इजा होते. ही तजवीज मला फार आवडते. सर्वांत मोकळ्या रूपालाही गेमने एक वर्ज्य प्रदेश दिला, आणि तो नेमका मागच्या एका रूपाचं माहेर असावा असं पाहिलं.

या पाच शरीरांसाठी पाच वेगळे देश बांधले असते तर गेम ठीकठाक झाला असता, मोठा झाला नसता. तो मोठा झाला कारण देश एकच आहे. मध्यभागी एक गाव. तिथून वाटा फुटतात: वाळवंट, समुद्रकिनारा, समुद्राचा तळ, जंगल, गुहा. एक मोहीम संपली की खेळणारा पुन्हा गावात येतो, आणि प्रत्येक वेळी त्याच गावात त्याला एक नवी वाट सापडते. ती नवी निर्माण झालेली नसते, आधीपासून होती. उंच बसवलेलं दार पहिल्या दिवसापासून दिसत होतं, तिथवर जाणारं शरीर तेवढं नव्हतं. आधीच्या गेममधलं वाळूचं घड्याळ निशिझावांनी इथे काढून टाकलं, ते याच कारणाने असावं असा माझा कयास आहे. वेळेचा फास असता तर माणूस थांबून पाहत नाही, आणि थांबून पाहिल्याशिवाय या गावाचं रहस्य उलगडत नाही.

आणि म्हणून सुरुवातीला हिरावलेल्या कमाईच्या जागी शेवटी काय येतं, याचं उत्तर मिळतं. नायकाकडे काही उरो न उरो, खेळणाऱ्याकडे त्या भूमीची ओळख साठत जाते. प्रत्येक शाप शरीर बदलतो, पण ही ओळख कुठलाही शाप हिरावू शकत नाही. पाच शरीरांनी पाहिलेलं एकच गाव खेळणाऱ्याच्या डोक्यात पाच पदरांनी उभं राहतं. ‘मॉन्स्टर लँड’च्या शेवटी मिळालेल्या तलवारीपेक्षा ही कमाई पक्की आहे.

गावाबद्दल बोलताना दुकानाला वगळून चालणार नाही. दुकानदार एक डुक्कर आहे, एका डोळ्यावर पट्टी बांधलेला, सिगारेट ओढत बसलेला. तो प्रत्येकाला प्रत्येक वस्तू दाखवत नाही. मारक्षमता आणि बचाव यांच्याबरोबर या गेममध्ये नायकाला आकर्षणाचा एक आकडा आहे. तो रूपागणिक आणि अंगावरच्या चिलखतागणिक बदलतो. आकडा कमी असेल तर काही वस्तूंच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह दिसतं. पैसे खिशात असूनही गिऱ्हाईक म्हणून आपली पत नाही, हे तिथे कळतं. शापाचा सामाजिक अर्थ गेमने अशा एका हिशोबी आकड्यात ठेवला आहे. गावकरी सरड्याला हिणवतात असं एकही वाक्य नाही, फक्त दुकानदार माल झाकून ठेवतो. यावर भाषण करायचा मोह निशिझावांनी आवरला, म्हणूनच तो प्रसंग लक्षात राहतो. गावात नर्सही आहे, पण ती पैसे मोजून घेतल्याशिवाय हृदयं भरत नाही. परीकथेचा देश असला तरी व्यवहार रोखीचा आहे.

इतकं सगळं वाचून गेम करुण रसाचा असावा असं वाटेल. तसं अजिबात नाही. त्याचा स्थायीभाव मिश्कील आहे. ड्रॅगनांची पलटण बघा: एकाला ममीच्या पट्ट्या, एकाला चाच्यांचं कप्तानपद, एक सामुराईंच्या थाटात, आणि शेवटचा रक्तपिपासू व्हॅम्पायर. जगभरच्या सिनेमांतली भुतं आणि खलनायक जणू ड्रॅगनच्या मुखवट्याने वेषांतराला निघाले आहेत. नायक सरडा झाला तरी त्याचे डोळे टपोरे, चाल तुरुतुरु. भयानक आणि बालिश यांचा हा मेळ त्या काळच्या जपानी गेमना साधला होता, पण इथे त्याला एक खास काम आहे. रूप बदलण्याचा धक्का हसत स्वीकारायचा आहे, हे चित्रांतूनच आधी सांगितलं जातं.

या चित्रांमागे यंत्र किती तोकडं होतं ते ध्यानात घ्यायला हवं. मास्टर सिस्टिमचा पडदा २५६ बाय १९२ ठिपक्यांचा. एकूण ६४ रंग, त्यांतले एका वेळी जास्तीत जास्त ३२. एका आडव्या ओळीत आठपेक्षा जास्त हलत्या आकृती आल्या की त्या लुकलुकू लागत. कार्ट्रिजमधली सगळी जागा २५६ किलोबाइट. म्हणजे आज फोनमध्ये टिपलेल्या एका फोटोत हा गेम कित्येकदा मावेल. अशा जागेत पाच शरीरांसाठी पाच वेगळे देश रचणं परवडणारं नव्हतंच. तेव्हा एकाच देशाचे पाच अर्थ करणं ही गरजही होती. पण गरज सगळ्यांनाच होती. तिच्यातून अशी रचना काढणं प्रत्येकाला जमलं नाही. शिनिची साकामोतोंच्या संगीतालाही तीच मर्यादा होती: सुरांसाठी तीन वाहिन्या आणि गोंगाटासाठी एक. त्या तीन वाहिन्यांत त्यांनी अशा चाली बांधल्या की पुढे खऱ्या वाद्यांवर वाजवल्या तरी त्या तोकड्या पडल्या नाहीत.

बॅटरी असलेलं कार्ट्रिज महाग पडे, म्हणून प्रगती जपण्यासाठी चौदा अक्षरांचा पासवर्ड दिला जाई. तो वहीत उतरवून घ्यायचा, एक अक्षर चुकलं की सगळं गेलं. रचणाऱ्यांनी त्यात स्वतःची सही दडवून ठेवली: कंपनीचं इंग्रजी नाव, एका अक्षराच्या जागी पाचचा आकडा घालून, पुढे नुसती शून्यं. एवढं टाइप केलं की सगळी शस्त्रं हातात.

दोषही सांगायला हवेत. काही दारं अदृश्य आहेत. भिंतीसमोर उभं राहून वरचं बटण दाबून पाहिल्याशिवाय ती सापडत नाहीत, आणि दाबून पाहावं असं सुचवणारी खूण सगळीकडे नाही. ज्या गेमचं तत्त्व ‘सगळं डोळ्यांसमोरच आहे, तू बदल’ असं आहे, त्याने दार खरोखरच लपवावं हा स्वतःच्या तत्त्वाशी केलेला द्रोह आहे. चांगलं चिलखत घ्यायला पैसे जमवावे लागतात, आणि त्यासाठी त्याच त्या शत्रूंना पुन्हा पुन्हा झोडपण्याचा भाग कंटाळवाणा होतो. नायकाच्या पायांना बर्फावरल्यासारखी घसरण आहे आणि फटका बसला की तो मागे फेकला जातो. अरुंद कडेवर या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की खेळणारा आपल्या चुकीपेक्षा यंत्राला जास्त दोष देतो, आणि पुष्कळदा ते बरोबरच असतं. शेवटच्या टप्प्यात अडचण एकदम वाढते, ती रचनेच्या कौशल्यापेक्षा शत्रूंच्या गर्दीने वाढते. पिरान्हाला त्याच्या ताकदीच्या मानाने फार थोडा समुद्र मिळाला, ही माझी खासगी तक्रार.

कलाकृतीचा कस तिच्या रूपांतरांतही लागतो, आणि या गेमच्या वाट्याला ती भरपूर आली. हडसनने तो पीसी इंजिन या कन्सोलवर नेला. अमेरिकेत १९९०मध्ये तो ‘ड्रॅगन्स कर्स’ झाला, आणि जपानमध्ये पुढच्या वर्षी चक्क ‘अॅडव्हेंचर आयलंड’ याच जुन्या नावाने विकला गेला. १९९२मध्ये हातात मावणाऱ्या गेम गियरवर तो आला, तेव्हा त्या छोट्या पडद्यात देश आणखी अरुंद झाला. सगळ्यांत मजेदार रूप ब्राझीलमधलं. तिथे सेगाचं काम पाहणाऱ्या टेकटॉय कंपनीने १९९३मध्ये गेम तसाच ठेवून त्यात मौरिसियो दे सौसा यांच्या लाडक्या कॉमिकमधली मोनिका आणि तिचा कंपू बसवला. शापित शरीरांच्या जागी कंपूतले वेगवेगळे सवंगडी आले. रचना तीच, उड्या त्याच, पण अर्थ पार पालटला. मूळ गेममध्ये एक माणूस अनेक रूपांत एकटा फिरतो, ब्राझीलमध्ये एकामागून एक मित्र मदतीला धावतो. सांगाडा इतका भक्कम की दोन्ही गोष्टी त्याच्यावर सुखाने उभ्या राहतात.

२०१७चं पुनर्निर्माण मात्र खऱ्या अर्थाने भाष्य आहे. लिझर्डक्यूब या फ्रेंच संचाचे ओमार कॉर्नू यांनी मूळ कार्ट्रिजमधला कोड उलगडून वाचला, त्यातल्या उड्या, घसरण, शत्रूंच्या चाली तशाच ठेवल्या, आणि बेन फिके यांनी सगळा देश हाताने नव्याने रंगवला. मिकाएल गेर यांनी संगीत खऱ्या वाद्यांवर बांधलं. एक बटण दाबलं की नवं चित्र सरकून जुनं येतं, खेळ न थांबता. १९८९चा पासवर्डही त्यात चालतो. सुरुवातीला मुलगा किंवा मुलगी निवडता येते, एवढी भर त्यांनी मोकळेपणाने घातली. हे जुनं-नवं बदलण्याचं बटण सोय म्हणून दिलं असेल, पण ते गेमच्या तत्त्वाचंच पुढचं पाऊल आहे. निशिझावांनी भूमी तीच ठेवून शरीर बदललं होतं. इथे भूमी आणि शरीर दोन्ही तीच ठेवून नजर बदलते. जुन्या पडद्यावर चार ठिपक्यांचं जे झुडूप होतं ते नव्यात डोलणारं झाड होतं, आणि परत बटण दाबलं की त्या चार ठिपक्यांत आता झाड दिसू लागतं.

पुढे निशिझावांच्या सहकार्याने २०१८मध्ये आलेल्या ‘मॉन्स्टर बॉय अँड द कर्स्ड किंगडम’मध्ये रूपं हवी तेव्हा हवी ती घेता येतात. खेळायला ते अधिक सुखाचं आहे, रचनाही चोख आहे. पण रूप निवडता आलं की त्याचा शाप संपतो, ते हत्यार होतं. ‘द ड्रॅगन्स ट्रॅप’मध्येही उशिरा का होईना रूप बदलण्याची खोली सापडते. तोवर मात्र जे अंग मिळालं आहे त्याच अंगाने जग पार करायचं असतं. त्याची उणीव सोसायची, त्याचं कसब शिकायचं, आणि ते हाताशी बसलं की गमवायचं. या गेमचा कस त्या सक्तीत आहे असं मी मानतो.

नव्याने खेळू पाहणाऱ्याला म्हणून एकच सल्ला. २०१७ची आवृत्ती घ्या, पण सरडा होईपर्यंतचा आणि उंदराचा सगळा भाग जुन्या चित्रांत खेळा. ठिपक्यांच्या त्या मोजक्या जगात चौकटीच्या ठोकळ्याची सजावटीतून वाट कशी होते, हे जितकं स्वच्छ दिसतं तितकं रंगीत पानाफुलांत दिसत नाही. ते एकदा दिसलं की मग हवं ते बटण दाबा. पुढच्या ड्रॅगनला मारताना आपण काय मागतो आहोत हे तुम्हाला ठाऊक असेल, आणि तरीही तुम्ही त्याला माराल.